ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर

निहार, आलास तेव्हा वायपर काचेवरच टेकवून ठेवलेस ना? राहू दे, आता उठू नकोस. सिद्धी, तूही बस. उद्या दिवसभर गाडी उन्हात राहणार असेल तर सकाळी आठवणीने उचलून ठेवा, नाहीतर रबर काचेला चिकटतं आणि कडक होतं. हे मला चंद्रकांतने शिकवलं. आणि आता जे सांगणार आहे ते त्याच्या मुलाबरोबर घडलंय, जितूबरोबर. तो समोरचा दिवा दिसतोय ना, तेच त्यांचं घर.

चंद्रकांत आणि मी एकाच सरकारी कारखान्यात होतो. जे. पी. नगरात घरंही समोरासमोर बांधली. गाडीच्या बाबतीत गडी महा काटेकोर. दर रविवारी एक जुना पंचा ओला करायचा, घट्ट पिळायचा आणि वायपरच्या रबरावरून हळूच फिरवायचा. पाणी गळणारं कापड त्याला खपायचं नाही, म्हणायचा, त्याने मळ निघत नाही, नुसता पसरतो. कोणी कोरड्या काचेवर वायपर चालवला की अंगावरच यायचा. पंचा एकदा फाटला, तर हेमलतावहिनींनी घरात होता त्या लाल दोऱ्याने रफू करून दिला. नवा घे म्हटलं की म्हणायचा, "हा मऊ झालाय, हाच सरी, हाच बरा."

गेल्या वर्षी श्रावणात तो गेला. आदल्या दिवशी जितूला जवळ बोलावून एवढंच म्हणाला, "वायपर बदल रे. रबर गेलंय. ईराला आणायला रात्रीबेरात्री जातोस." ईरा म्हणजे जितूची मुलगी. होसकोट्याला एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. जितू नुसता हो म्हणाला. स्मशानात वहिनींनी सांगितलं म्हणून तो पंचा चंद्रकांतच्या उशाशी ठेवला, आणि तो त्याच्याबरोबर जळला. माझ्या डोळ्यांसमोर जळला.

दहाव्याला श्रीरंगपट्टणला नदीकाठी पिंड ठेवले. कावळे भरपूर होते, पण एक खाली येईल तर शपथ. मग नेहमीसारखं सुरू झालं. कोणी म्हणालं, वहिनींना अंतर देणार नाही. कोणी म्हणालं, ईराचं लग्न थाटात करू. कावळे ढिम्म. काय बोलायला हवं ते जितूला ठाऊक होतं. पण गुरुजी बसलेले, पुण्याहून आलेले आत्या-काका उभे. त्यांच्यादेखत 'अण्णा, वायपर बदलतो' म्हणायचं? बापाची शेवटची इच्छा काय, तर वायपर! त्याला लाज वाटली. गप्प राहिला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, आणि आम्ही सगळे जेवायला उठलो.

तेव्हापासून जितू बधिर झाला. रडला नाही, चिडला नाही. समोरचा चहा गार व्हायचा, तरी तो कपाकडेच बघत बसायचा. मला म्हणाला, "काका, आत काही हलतच नाही." मला त्याची फार भीती वाटायची तेव्हा.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तो एकदाचा वायपर घ्यायला जे. सी. रोडवर गेला. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "सार, दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असते. दांड्याचा आकडाही बघावा लागतो. स्वल्प थांबा, गाडी इकडे घ्या, मीच बसवून देतो." जितू म्हणाला, "काहीही द्या." घेतले आणि घरी आला. चंद्रकांत सांगायचा, ब्लेड बसला की टक् असा आवाज आलाच पाहिजे, नाहीतर तो बसलाच नाही समज. डावा बसला, टक् वाजलं. उजवा लावताना जितू ऐकायला थांबलाच नाही.

रात्री ईराचा फोन आला. कंपनीची बस बंद पडली होती. जितू निघाला. तिला गाडीत घेतलं तेव्हा पावणेबारा वाजले होते, आणि जुन्या मद्रास रोडला लागेपर्यंत पावसाने झोडपायला सुरुवात केली होती. वायपर जोरात चालू होते. ईरा दमून डोळे मिटून बसली होती.

अचानक टपावर काहीतरी आपटलं. खट्.

फांदी असेल, असं जितूला वाटलं. त्याने लक्षही दिलं नाही. समोरची काच स्वच्छ होती. फार स्वच्छ. ईराच्या बाजूला ब्लेड आखूड पडत होता, तिथे नुसतं पाणी. त्याच्या बाजूला मात्र रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता.

ईराने डोळे उघडले. थोडा वेळ ती समोर बघत राहिली.

"बाबा…"

"हं."

"तुमच्या बाजूला ब्लेड नाहीये."

त्याने पाहिलं. नुसता लोखंडी दांडा हलत होता. इकडून तिकडे. तिकडून इकडे. दांडा काचेवर घासला की कसा करकरतो, माहीत आहे ना? तसा आवाज नव्हता. मऊ आवाज होता. ओल्या फडक्याने कोणी काच पुसावी, तसा.

"मग पुसतंय कोण?" ईरानेच विचारलं.



दांडा हलत होता.

आणि समोर लॉरी दिसली. रस्त्याच्या मधोमध. उभी. एक दिवा नाही. जितूने स्टिअरिंग ओढलं. गाडी घसरली, सावरली, लॉरीच्या कडेने निघून गेली. लॉरी ईराच्या खिडकीला लागून मागे गेली, तेव्हा कुठे तिला कळलं की तिथे लॉरी होती.

मग जितूच्या तोंडून शब्द आले. नदीकाठी अडकलेले.

"अण्णा… वायपर नीट बदलतो."

रात्रभर पाऊस थांबला नाही. गाडी फाटकाबाहेर, उघड्यावर. सकाळी वहिनी फुलं काढायला बाहेर आल्या आणि गाडीपाशीच उभ्या राहिल्या. त्यांनी हाक मारली ती जितूला नाही, मला. मी गेलो. मागोमाग जितू आला.

उजव्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळलेली होती, वर गाठ मारलेली. वहिनींनी बोटाने दाखवलं. पट्टीवर लाल दोऱ्याची रफू होती.

"मी बांधलं नाही, काका," जितू म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. कित्येक दिवसांनी कापत होता. "ईरानेही नाही."

मी हात लावून पाहिला. सगळी गाडी निथळत होती. टपावरून, काचेवरून, त्या दांड्यावरूनसुद्धा पाणी ठिबकत होतं.

कापड तेवढं घट्ट पिळलेलं होतं.