अकरा सेकंदांची शांतता

ऑनलाइन अभ्यासक्रम तपासून ते सुधारायचे, हे माझं काम. विद्यार्थी व्हिडिओ कुठे थांबवतात, कुठून सोडून जातात, याचे आलेख मी रोज बघते. आमचा एक नियम आहे: तीन सेकंदांपेक्षा जास्त शांतता म्हणजे दोष.

मावशीच्या अभ्यासक्रमात असे चौतीस दोष होते. ती रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका. पाण्याची चाचणी कशी करायची, हे ती घराच्या मागच्या खोलीत, मोबाइल स्टँडला लावून, एकटी शिकवायची. अवघड पायरी झाली की "कळलं?" म्हणायची आणि गप्प राहायची. प्रत्येक वेळी अकरा सेकंद. मग मान हलवून पुढे जायची.

मी त्या सगळ्या जागा कापल्या.

"माझा श्वाससुद्धा ठेवला नाहीस गं," ती म्हणाली. "तुला मी अशा घाईत शिकवलं असतं ना, तर अजून दहावीतच बसली असतीस."

महिनाअखेर विद्यार्थ्यांनी दिलेले गुण चारच्या खाली राहिले, तर अभ्यासक्रम बंद होणार होता. गुडघ्यांमुळे मावशी घराबाहेर पडत नसे. तिच्याकडे आता हा एवढाच वर्ग उरला होता.

पहिले गुण आले ते पाचपैकी २.९. एकतीस अभिप्रायांपैकी तेवीस जणांची तक्रार एकच होती: ती मुलगी प्रश्न विचारते तेवढाच भाग का काढलात?

व्हिडिओत मुलगी नव्हती. हे तेवीस जण वेगवेगळ्या गावांतले; त्यांना एकमेकांशी बोलायची सोय आम्ही ठेवलेलीच नव्हती. मी आलेख उघडला. जिथे जिथे मी कात्री लावली होती, तिथे तिथे प्रत्येकाने व्हिडिओ थांबवला होता. अकरा सेकंद.

आधी यंत्रणेतला बिघाड शोधला. दोन दिवस गेले, सापडला नाही. मग कापलेले भाग परत जोडले, कारण मावशीचा वर्ग वाचवायला दुसरा उपाय सुचत नव्हता. आठवड्यात गुण ४.७ वर गेले. 'मुलगी फार नेमकं विचारते,' एकाने लिहिलं. 'माझ्याच मनातलं विचारलं.'

आमच्या संकलकाने हेडफोन लावून ते तुकडे ऐकले.

"पंखा," तो म्हणाला. "नुसता पंखा आहे, ताई. गुण आले ना? मग कशाला खाजवून खरूज काढताय?"

मला मात्र राहवेना. शेवटचा धडा चित्रित व्हायचा होता. रविवारी दुपारी मी मावशीकडे गेले.

"तू 'कळलं?' म्हणतेस ते कुणाला?"

"वर्गाला."

"आणि मान हलवतेस ती कुणाकडे बघून?"

ती काचेची नळी पुसत होती. "चाळीस वर्षांची सवय आहे. थांबणार असशील तर कॅमेऱ्यामागे उभी राहा, आणि मध्ये बोलू नकोस."

मी पंखा बंद केला. खिडकी लावून घेतली. हातात स्टॉपवॉच धरलं. नळीतून एकेक थेंब खाली चंचुपात्रात पडत होता. पाणी गुलाबी झालं, रंग टिकला.

"कळलं?"

मी कळ दाबली.

मावशी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. माझ्या डाव्या बाजूला, कोपराच्या उंचीवर बघत होती.

तिथे टेबलाची कड होती. काहीच हललं नाही.

अकरा.

"ठीक आहे," मावशी म्हणाली. "पुढे जाऊ."

धडा बुधवारी प्रसिद्ध झाला. संकलकाने तो तसाच चढवला. शांततेला हात लावायचा नाही, असं मीच बजावलं होतं. पहिल्याच विद्यार्थ्याने पाचपैकी पाच दिले. खाली 'सुधारणा सुचवा' या चौकटीत त्याने लिहिलं होतं: 'मुलीला वेगळा माइक द्या. या वेळी ती कॅमेऱ्यामागच्या बाईंच्या कानात बोलली. आम्हाला फक्त त्यांचं उत्तर ऐकू आलं.'

मी वाकल्याचं मला आठवत नाही. बोलल्याचंही नाही.

मूळ फाइल उघडली. शांततेच्या सातव्या सेकंदाला माझा आवाज आहे. हळू, पण स्पष्ट.

"नाही," मी म्हणते आहे, "मावशीला नाही सांगणार."