नऊ नंबरचं घर

रुचिताच्या साकोलीतल्या कचेरीत रंभाबाई आली ती हातात ओली चप्पल धरून.

"घरातबी घालून फिरा लागते," ती म्हणाली. "फरशीतून पानी येऊन राहिलं."

रंभाबाई म्हणजे इश्वरची थोरली बहीण. इश्वर निवृत्त कंडक्टर, सध्या रुचिताच्या तपासकामात मदतनीस. रंभाबाईचं जुनं घर गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. त्यानंतर कित्येक वर्षांनी तिनं नवं घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा दलाल वीरेंद्रला तिच्याकडे इश्वरनंच नेलं होतं. 'आपला माणूस आहे,' असं वर सांगितलंही होतं.

"श्रावणात त्यानं दाखवलं ते वरच्या अंगाचं घर," रंभाबाई सांगू लागली. "नऊ नंबर म्हने. मी चौकटीवर तेलातल्या शेंदराचं स्वस्तिक काढलं. मंग ताबा घ्याले बोलावलं तं पितृपक्षात. नव्या घरात तवा पाय कसा टाकाचा? तो म्हने, वर हायवेवरच सही करा, आत मी पाहून घेतो. दसऱ्याले कुलूप उघडलं तं घर खालच्या अंगाचं. स्वस्तिकबी नाई."

"आठवणीत घोटाळा तर नाही ना, ताई?" इश्वरनं विचारलं. घोटाळाच निघावा, असं त्याला मनापासून वाटत होतं.

वसाहतीत दहा घरं एका ओळीत, सगळी एकसारखी. हायवेपासून जमीन उतरत गेलेली. रंभाबाईचं घर खालून दुसरं. चॉकलेटी चौकट, आत फरशी खचलेली. वरून दुसऱ्या घराची चौकट तेवढी हिरवी होती. हौस एकेकाची, असं म्हणून इश्वर पुढे गेला.

"खाली बोडी होती," चौकीदार तेजराम म्हणाला. "शिंगाडे निघत. मुरूम टाकून बुजवलं ते तळं."

"कोणाकोणाला ठाऊक होतं?"

"साऱ्याईले. घेनाऱ्याले सोडून."

बिल्डर भुपेंद्रनं नकाशा पसरला. "एक नंबर पहिल्या दिवसापासून हायवेकडून. चौकटी साऱ्या चॉकलेटी. विक्री मात्र वीरेंद्र पाहते."

वीरेंद्रनं चहा मागवला. "तवा रस्ता मागून होता. काकू मोजन्यात चुकल्या."

"आणि स्वस्तिक?"

"रंगाऱ्यानं हिरव्या रंगाखाली दाबलं असन. त्याले काय समजते?"

इश्वरला ते पटलं. रुचितानं चहा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना दोन नंबरसमोर बोलावलं. किल्लीनं तिनं हिरवी चौकट खरवडली. पापुद्रे निघाले, आणि खालून शेंदराचं स्वस्तिक वर आलं.

"दहा घरांत खालून मोजलं की दोनचं नऊ होतं," ती म्हणाली. "मावशींना दाखवलं दोन, सांगितलं नऊ, कागदावरही नऊ. ही नुसती मोजण्यातली चूक असती, तर स्वस्तिक कुठल्या चौकटीवर आहे ते वीरेंद्रला कळलं नसतं. मावशींची चौकट चॉकलेटी आहे. तरी वीरेंद्र म्हणाला, हिरव्या रंगाखाली. हिरवी चौकट अख्ख्या ओळीत एकच. हे घर कोणाचं, भुपेंद्रभाऊ?"

"त्याच्या सालीचं," भुपेंद्र खाली पाहत म्हणाला.

"बोडीवरचं घर खपत नव्हतं, आणि वरचं त्याला घरातच ठेवायचं होतं. पितृपक्षात मावशी उंबरा ओलांडणार नाहीत, हे ओळखून त्यानं ताब्याची तारीख धरली."

वीरेंद्र डगमगला नाही. "काकू, तुमी मले दलाली देली का? नाई देली. मले भुपेंद्रभाऊ देते. मंग मी मानूस कोनाचा? सही तुमची, कागद नऊचा. जा कुठं जाचं तिथं."

इश्वरनं रुचिताकडे पाहिलं. तिला सगळं उमगतं, आतासुद्धा काहीतरी निघेल, अशी त्याला आशा होती.

"तक्रार लिहू आपण," रुचिता म्हणाली. "पण रजिस्ट्री नऊची, चतुःसीमा नऊची. आपल्याकडे एक स्वस्तिक आहे, काका. वर्षं जातील, आणि घर मिळेलच असं मी सांगू शकत नाही."

उतारावरून तिघं खाली आली. रंभाबाईनं घराचं कुलूप काढलं.

"धरनाच्या वक्ताले नोटीस तरी आली होती," ती म्हणाली.

इश्वरला तिचे पाय धरावेसे वाटले. आपला माणूस, हे त्याचेच शब्द होते. "ताई, मीच त्याले तुह्याकडे..."

"चाय पिऊन जा," तिनं त्याला पुढे बोलू दिलं नाही. "साखरेचा डबा वरच्या फळीवर हाय. तूच काढ. खाली ठेवलं का ओल लागते."