दोरीचं दुसरं टोक

हसू नका रे पोरांनो. धाकट्या पेंटरला मी चांगला ओळखतो, त्याच्याच तोंडून ऐकलंय हे.

बाजारातली ती अरुंद गल्ली. दिवसा तिथे शिडी टेकवायलाही जागा नाही, म्हणून दुकानांच्या पाट्या रात्रीच रंगतात. टोपीवाला गेला, छापखाना आला. छापखाना बुडाला, घड्याळवाला आला. दर वेळी जुन्या नावावर नवं नाव, आणि ते लिहिणार थोरला, धाकट्याचा सख्खा भाऊ. धाकटाही लिहायचा, पण लोक म्हणायचे, अक्षर असावं तर थोरल्यासारखं. धाकट्याचा नुसता जळफळाट व्हायचा. थोरला वारला तरी लोकांचं पालुपद तेच.

शेवटी थोरल्याच्या हातची एकच पाटी उरली, घड्याळवाल्याची. ते दुकान मोबाइलवाल्याने घेतलं आणि पाटीचं काम धाकट्याला मिळालं. मनात उकळ्या फुटत होत्या त्याच्या. आता गल्लीत फक्त आपलं अक्षर दिसणार.

गेल्या महिन्यातला दुसरा शनिवार, रात्रीचा एक वाजून गेलेला. आदल्या रात्रीच त्याने पांढऱ्या रंगाचा हात मारून थोरल्याचं अक्षर बुजवलं होतं. आता ओळ आखायची. निळीत घोळलेली दोरी दोघांनी दोन टोकांना धरायची, ताणायची, मधे उचलून सोडायची. एकट्याला पलीकडे खिळा ठोकावा लागतो. धाकटा ते विसरला. शिडीवरून सवयीने टोक पलीकडे फेकलं आणि म्हणाला, "धर, दादा."

टोक खाली पडलंच नाही.

दोरी ताणली गेली. पलीकडे शिडी नाही. खिळा नाही. कोणी नाही...

दोरीला दोन हलके झटके बसले. धाकट्याची बाजू नेहमी वर चढायची, आणि थोरला न बोलता असेच झटके द्यायचा. खाली घे.

भीतीच्या आधी त्याला राग आला. "मेलास तरी माझी चूक काढणारच का रे, दादा?"

पुन्हा दोन झटके.

त्याचा हात खाली आला. त्याने आणला नव्हता. दोरी मधोमध उचलली गेली... सुटली.

टप्प.

धाकटा शिडी तिथेच टाकून पळाला. सकाळी मोबाइलवाला ती निळी ओळ निरखत उभा होता. म्हणाला, "वा! अगदी थोरल्याची आखणी."

पाटीच्या पलीकडच्या टोकाला अंगठ्याचा निळा ठसा होता. धाकट्याने त्यावर तीनदा रंग मारला. ओळ बुजली. ठसा अजून तिथेच आहे.