मचाणावरची साडी

गिरीश, ते कॅटलॉग मिट आधी. गादीचं मचाण हवंय म्हणे याला! अरे शहाण्या, हरणाच्या शिकारीला चाललायस की वामकुक्षीला? उत्तरा, हसू नकोस, चहा ओत. आणि मागचा दिवा राहू दे चालू. आमच्या दिगंबरचं काय झालं ते सांगतो. मग ठरव काय घ्यायचं ते.

चौऱ्याऐंशी साल. पंधरा नोव्हेंबर, गुरुवार. इथे मिशिगनमध्ये त्या दिवशी बंदुकीने हरणं मारायचा सीझन उघडतो, अर्धं ऑफिस सुट्टीवर जातं. दिगंबर माझ्याच ऑफिसातला इंजिनिअर. वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याला आपल्या रानात बोलावलं होतं. मीही गेलो. पण मी आपला वॉल्टरच्या किचनमध्ये हीटरपाशी बसणारा.

दिगंबरच्या बायकोला, लताला, सातवा महिना. तिने निघताना बजावलं होतं, "झाडावर चढणारच असाल तर स्वतःला बांधून बसा. माझी शपथ आहे." सेफ्टी बेल्ट विकत घ्यायचा सोडून या पठ्ठ्याने तिची जुनी सुती साडी उचलली. पीळ दिला की बैलाने ओढली तरी तुटत नाही म्हणे. ती हिरवी साडी बघून वॉल्टर पोट धरून हसला.

वॉल्टरकडे मचाणं दोन. एक मेपलवर, लोखंडी, बसायला पाटाएवढी जागा. दुसरं ओकवर. तिथे जुन्या गाडीची दोघं बसतील अशी अख्खी सीट बसवलेली, पाठ टेकून ऐसपैस बसावं अशी. वॉल्टर म्हणाला, "नॉट दॅट वन." का, ते सांगेना. दिगंबरने फळ्या हलवून पाहिल्या, खिळे तपासले. म्हणाला, "एकदम सॉलिड आहे यार! त्या पाटावर कंबर कशाला मोडून घेऊ?" लाकडी शिडी लावून चढला. रिकामी बंदूक दोरीने वर ओढून घेतली. मग बायकोची शपथ आठवली, म्हणून साडी खोडाभोवती आणि कमरेभोवती घेऊन पुढे निरगाठ मारली.

दिवसभर एक हरीण फिरकलं नाही. दुपारी बर्फ भुरभुरायला लागला. सीट मऊ, पोटात लताने दिलेल्या दशम्या. याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा मिट्ट काळोख. खालून हाक येत होती.

"कम ऑन डाउन. इट्स लेट."

वॉल्टरचाच आवाज. दिगंबर "कमिंग, कमिंग" म्हणाला आणि गाठ सोडायला लागला. गाठ ओली होऊन आवळलेली. बोटं बधिर. सुटेना.

"कम ऑन डाउन."

या वेळी जरा जवळून. तेव्हा त्याच्या मनात आलं, वॉल्टर आलाय तर टॉर्चचा उजेड कुठाय?

खाली सगळं काळं. कुणीच हलत नव्हतं...

आणि शेजारची सीट दबली.

कुणीतरी श्वास घेतला. झोपेतून दचकून उठतं ना माणूस, तसा. अगदी कानाशी. दिगंबर सांगायचा, मान वळवायची हिंमत झाली नाही. रामरक्षा आठवेना. लता आठवली नुसती.

"कम ऑन..."

फळी करकरली. शेजारचं उठलं. एक पाऊल. आणखी एक...

मग खाली धप्प.

मग काही नाही.

...

बऱ्याच वेळाने लांब रस्त्यावर हॉर्न वाजला. तो वॉल्टरचा ट्रक. आत मीही होतो. आम्ही तेव्हा कुठे पोचत होतो!

टॉर्च घेऊन ओकखाली गेलो, तर शिडी बर्फात आडवी पडलेली. वरून दिगंबर रडत होता. मोठा माणूस, पण लहान पोरासारखा. गाठ सुटली असती तर अंधारात शिडी समजून त्याने हवेतच पाय टाकला असता. आम्ही शिडी लावली. त्याने चाकूने साडी कापली आणि बंदूक तिथेच टाकून उतरला.

 ट्रकमध्ये वॉल्टर म्हणाला, ती सीट त्याच्या धाकट्या भावाने, रॉयने बसवली होती. कधी बेल्ट बांधायचा नाही. एका संध्याकाळी वॉल्टरने खालून हाक मारली, कम ऑन डाउन, इट्स लेट. रॉय झोपेतून दचकून उठला आणि सरळ चालायला लागला... "आय शुड हॅव लेट हिम स्लीप," म्हातारा सारखा तेवढंच म्हणत होता.

सकाळी आम्ही तिघं बंदूक आणायला गेलो. रात्रभर बर्फ पडलेला. झाडाखाली एकाही पावलाचा ठसा नाही. मी स्वतः शिडी लावून चढलो.

बंदूक होती तिथेच होती. साडीचे कापलेले तुकडे एकमेकांना जोडलेले. खोडाभोवती, सीटभोवती घेऊन पुढे निरगाठ मारलेली. आत एक माणूस बसेल एवढी जागा सोडून...

सीट रिकामी होती.

मी खाली आलो आणि वॉल्टरला सांगितलं. त्याने टोपी काढली. वर बघत राहिला. ती गाठ आम्ही कुणी सोडली नाही.

घरी गेल्यावर लताने विचारलं, "माझी हिरवी साडी कुठाय?"

दिगंबर म्हणाला, "दिली एकाला. त्याला हवी होती."