सहा वाजताचा मॅक्रो

हे माझ्यासोबत घडलंय. ऐकीव नाही. पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या.

मागच्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी. वेळ दुपारी साडेचारची. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही वेळ पुन्हा वाचावी. ठिकाण घनसावंगीच्या अलीकडचं एक बियाण्याचं गोदाम. नाव सांगणार नाही.

मी सोमेश्वर. जुन्या जालन्यात माझं छोटं ऑफिस आहे. क्वेरी अडली, फॉर्म उघडेना, मॅक्रो बिघडला, की लोक त्यांच्या जुन्या अ‍ॅक्सेस फाईली, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नोंदवह्या, घेऊन माझ्याकडे येतात. "आम्ही काहीच केलं नाही, आपोआप बिघडलं," असं प्रत्येक जण म्हणतो. आणि प्रत्येक जण खोटं बोलतो.

त्या दिवशी गोदामाचे मालक मयंकशेठ यांचा फोन आला.

"सर, गेटवरचा प्रोग्राम गडबड करून राह्यला. एक माणूस आतच दाखवतोय. उद्यापासून दोन दिवस सुट्टी. कुलूप कसं लावू? जल्दी या."

तो प्रोग्राम मीच सात वर्षांपूर्वी करून दिलेला.

गोदामात बियाणं ठेवायची एक थंड खोली आहे. जाड दार, बाहेरून कुलूप. आधी तिथे पत्र्याचे बिल्ले असायचे. आत जाताना आपला बिल्ला दाराशेजारच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की काढून घ्यायचा. सगळे खिळे रिकामे दिसले की पहारेकरी कडूबा मामा कुलूप लावायचे.

मी शहाणा. मी बिल्ले बंद करून कॉम्प्युटर बसवला. आत जाताना फॉर्मवर नाव टाकायचं, बाहेर येताना बटण दाबायचं. आत किती जण आहेत ते स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दिसायचं. शून्य झालं की कुलूप.

मी पोचलो तेव्हा स्क्रीनवर होतं, आत: १.

नाव रिकामं. आत जायची वेळ २:१०. बाहेर यायची वेळ रिकामी.

"आत कुणी न्हाई सर," कडूबा मामा म्हणाले. "म्या दोनदा पाहून आलो."

मी बाहेर यायची वेळ टाकली. आकडा शून्य झाला.

आणि डोळ्यांदेखत... पुन्हा एक.

रेकॉर्ड उडवलं. पुन्हा आलं. मग फॉर्म बाजूला ठेवून, सगळ्या नोंदी जिथे साठतात ते टेबल सरळ उघडलं, कारण फॉर्म फक्त टेबलातलंच दाखवतो.

टेबलात... एकही ओळ नव्हती.

असं होत नाही. वीस वर्षांत मी असं पाहिलेलं नाही.

तेवढ्यात लॉक फाईल दिसली. आपला प्रोग्राम सध्या कुठल्या कॉम्प्युटरांवर उघडा आहे ते तिच्यावरून कळतं. तिच्यात दोन नावं होती. एक गेटचं. दुसरं, थंड खोलीत वजनकाट्याजवळ ठेवलेल्या कॉम्प्युटरचं. मला हायसं वाटलं. तिकडे कुणीतरी फॉर्म उघडा ठेवलाय, बस.

कडूबा मामा चहा प्यायला गेले होते. मी एकटाच आत गेलो.

फॉर्मवर स्वतःचं नाव टाकलं नाही. प्रोग्राम माझाच, मी कशाला टाकू?

काट्याजवळच्या कॉम्प्युटरवर बोटभर धूळ होती. वायर प्लगातून काढून गुंडाळून ठेवलेली.

मी वळलो.

दार लागत होतं.

धावलो. तोवर बाहेर कुलूप वाजलं. मग दिवे गेले, कारण दिव्यांचं बटण बाहेर आहे.

ओरडलो. हात दुखेपर्यंत दार बडवलं. त्या भिंतीतून आवाज जात नाही. मोबाईलला रेंज नाही. बाहेर कुलूप असलं तरी दार आतून उघडायचा दांडा होता, चांगला नवा. सगळा भार टाकून दाबला. हलला नाही.

अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. उद्यापासून दोन दिवस सुट्टी. इथे मी मरणार, हे मला अगदी स्पष्ट कळलं.

तेव्हा मागच्या फळ्यांकडून आवाज आला...

ठक. ठक.

मी केलेल्या आवाजासारखाच. कुणीतरी बाहेर पडायला दार बडवतं तसा, पण दमून गेलेल्या हाताचा.

मग मागे उजेड पडला.

वायर गुंडाळलेला तो कॉम्प्युटर... सुरू होता.

आत: १. नाव: सोमेश्वर.

मी ते टाकलं नव्हतं. कोपऱ्यातलं घड्याळ ५:५८ दाखवत होतं. आणि मला माझाच मॅक्रो आठवला.

मजूर बाहेर जाताना बटण दाबायला विसरायचे, यादी रिकामी व्हायची नाही. म्हणून मी सोय केली होती. संध्याकाळी सहा वाजता राहिलेली सगळी नावं आपोआप बाहेर. पाच ओळींचा कोड. त्याचं मला किती कौतुक होतं.

५:५९.

सहा.

नाव गेलं नाही.

६:०१. नाव तिथेच. मी हात जोडून उभा होतो, कुणापुढे ते माहीत नाही.

६:०४ ला दार उघडलं. दारात कडूबा मामा.

"यादी शून्य दिसली, मला वाटलं काम करून गेले तुम्ही. कुलूप लावलं. मंग तुमचं नाव आलं, वाटलं प्रोग्रामचीच गडबड. सहा वाजले तरी जाईना. असं कधी झालं न्हाई, म्हणून उघडलं." त्यांनी आतला दांडा एका बोटाने दाबला. तो सहज खाली गेला. "हा तर गोजरबाई गेल्यावर नवा बसवला."

"कोण गोजरबाई?"

मामांनी मागच्या फळ्यांकडे पाहिलं.

"सहा वर्षं झाली. पोळ्याचा आदला दिवसच. मागच्या फळ्यांवर थैल्या लावून राह्यली होती. सहाला यादी शून्य झाली. म्या कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी उघडलं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला काय सांगायचं सर? कुलूप तर म्या लावलं होतं."

सहा वर्षं हा माणूस स्वतःला दोष देत होता. मला लाज वाटली. मी त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं की तो शून्य माझा होता. ती आत होती आणि माझ्या कोडने तिला बाहेर दाखवलं. मामा रडले. मीही रडलो.

त्याच संध्याकाळी मॅक्रो उडवला. दार सताड उघडं ठेवून आम्ही दोघांनी हाका मारल्या, "गोजरबाई, सुट्टी झाली, चला."

आतून काहीच आलं नाही.

मामा आता त्या दाराला कुलूप लावत नाहीत. रात्री दारासमोरच बाज टाकून झोपतात.

मयंकशेठ अजून फोन करतात. आकडा एकच दाखवतोय, नाव रिकामं आहे, चूक काढून द्या म्हणतात. मी जात नाही. फोनवरच सांगतो, शेठ, यादीत चूक नाही.