दर्पण कॉलनीतला तारा

जरा डोळे मिटा बरं. घागरीएवढं एक स्टीलचं भांडं समोर आणा. त्यातली सगळी हवा उपसून काढली, मधोमध तारेची जाळी टांगली आणि जबर दाबाची वीज सोडली, की जाळीत इवलासा जांभळा तारा उजळतो. सूर्याच्या पोटात अणू एकमेकांत मिसळतात ना, ते घरी करून पाहायची ही पहिली पायरी. तुम्ही मात्र करू नका हं, जीव घेणारी वीज असते ती. नुसतं मनातल्या मनात पाहा.

तर, पाटणकर बाजारात अंतराच्या बाबांचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान. एका दुपारी एक चष्मेवाला तरुण आत डोकावला.

“भैया नहीं हैं? हवा खींचने का पंप चाहिए था.”

“भैया मीच,” त्याच्या वहीवरची मराठी अक्षरं बघत अंतरा म्हणाली. “कुठला एसी आहे?”

“एसी नाही... तारा बनवतोय.”

“मग त्यात गॅस भरायचा का?”

“भरायचाय ना. पण नंतर.”

तो हसला, आणि पंप देताना त्याचं नाव विचारायचं अंतरा विसरलीच.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच परत आला. नाव सुश्रुत. भांड्यात कुठून तरी हवा शिरत होती, दाब मोजणाऱ्या मापकाची सुई खाली उतरत नव्हती. मग अंतरा रोज संध्याकाळी दर्पण कॉलनीतल्या त्याच्या गॅरेजात जाऊ लागली. ती सांध्यांवरून स्पिरिटचा बोळा फिरवायची. जिथे गळती, तिथे सुई हलणार. तो टॉर्च धरायचा — बहुतेक वेळा चुकीच्या जागी.

“टॉर्च भांड्यावर धर. माझ्यावर नको.”

“सॉरी... हात थोडा हिल गया.”

चौथ्या दिवशी सुई उडाली. झाकणाच्या रबरी कड्याखाली लाल रेघ दिसली. खंडेनवमीला सुश्रुतच्या आईनं, विजयाबाईंनी, घरच्या तलवारीबरोबर या भांड्याचीही पूजा केली होती. कुंकू नेमकं काठावर, आणि त्यावरच झाकण बसलेलं.

अंतरानं तोंड उघडलं... आणि मिटलं. गळती थांबली की पंप परत. मग इथे यायला निमित्त काय उरणार?

“काय झालं?” त्यानं विचारलं.

“काही नाही. उद्या बघू.”

असे तीन ‘उद्या’ गेले. रविवारी ती आली, तर सुश्रुत जाळी सोडवत होता.

“छोड दिया, अंतरा. नाही जमत मला.”

त्याचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. तिनं झाकण काढलं, काठ पुसला, कडं नीट बसवलं. जाळी पुन्हा टांगायला लावली. पंप घुरघुरला. सुई उतरत गेली... आणि तिथेच राहिली. सुश्रुतनं वीज वाढवली. भांड्याच्या छोट्या काचेच्या खिडकीआड जांभळा तारा उमलला.

“तुला आधीच माहीत होतं,” तो हळूच म्हणाला.

“तीन दिवस झाले. तारा झाला असता... मग मला इथे यायला निमित्तच उरलं नसतं.”

त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. “तीन दिवस झोपलो नाही मी.”

“चुकलंच माझं.”

“चुकलंच. आणि हा नुसता उजेड आहे. अणू मिसळायला वर्षभर लागेल अजून. एकट्यानं नाही व्हायचं... येशील? बिना बहाने के?”

मग आपल्या या पोरीनं काय केलं असेल? वीज बंद केली, आपल्या पान्यांची पिशवी त्याच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि रिकाम्या हातांनी घरी गेली.