टाकीला बांधलेलं दावं

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. पण हे जिच्या डोळ्यांसमोर घडलं, ती माझी मावसबहीण तनुजा फिजिक्सची पदवीधर आहे. भुताचं नाव काढलं की पुरावा मागणारी.

जागा जळकोट तालुक्यातला एक तलाव. वेळ पोळ्याच्या आदल्या दिवशीची. सूर्य बुडायला आलेला.

सकाळी पिराजी नावाचे शेतकरी तिथे बैल धुवायला उतरले होते. बैल दावं ओढत एकटाच वर आला.

पिराजी आलेच नाहीत.

म्हणून नांदेडहून शोधपथक आलं. तनुजा त्यातलीच. पाण्यात उतरणार तनुजाचा सख्खा भाऊ सुदर्शन. छोट्या नावेवर ती आणि गावचे भोई शंकरप्पा.

पाणबुड्याच्या हवेच्या भरलेल्या टाक्या नावेत आडव्या ठेवून करकचून बांधाव्या लागतात. टाकी गडगडून तिचं तोंड मोडलं, तर ती तोफगोळ्यासारखी सुटते. नेमका टाकी बांधायचा रबरी पट्टा तुटला.

काठावर ते दावं पडलं होतं. टाकी बांधायला तनुजाने तेच उचललं.

"पोरी, त्ये नगं नेऊ," पिराजींची बायको रुक्मिणबाई म्हणाली. "त्येंच्या हातातलं हाय."

"लगेच आणून देते, मावशी."

शंकरप्पा पुटपुटले, "बुडाल्याल्या मान्साची वस्तू पान्यावर नेत न्हाईत, ताई."

"मग टाकी तुम्ही मांडीवर घेऊन बसता का, काका?" सुदर्शन हसला आणि पाण्यात उतरला. कमरेला नायलॉनची दोरी, तिचं टोक बहिणीच्या हातात. सलग तीन झटके म्हणजे वर ओढ.

पाणी गढूळ. तळाशी बुडालेल्या बाभळी. शंकरप्पांचा लांब बांबू तळाला टेकेना.

थोड्या वेळाने मागे आवाज आला.

टंग...

टाकी हलली होती. गाठ सुटलेली. तनुजाने पुन्हा बांधली, ओढून पाहिली.

काठावर बैलाच्या गळ्यातली घंटासुद्धा वाजेना.

टंग...

आता गाठ जागेवर होती. पण तिची नव्हती.

उलट्या बाजूने वळलेली. डावखुऱ्या माणसाने मारावी तशी...

"काका, तुम्ही बांधलं?"

"म्या? म्या वल्हं तरी सोडलंय व्हय?"

तेवढ्यात नायलॉनची दोरी सैल पडली. तिने ओढली. ओढतच गेली...

टोक रिकामं आलं. घासून तुटलेलं.

"दादा!"

पाण्यावर एकही बुडबुडा नव्हता.

आणि दावं ताणलं. एक टोक टाकीला. दुसरं नावेच्या कडेवरून सरळ खाली, पाण्यात.

झटका बसला. पुन्हा... पुन्हा...

दोघांनी जीव खाऊन ओढलं. सुदर्शन वर आला. मुठीला दाव्याचे वेढे.

बऱ्याच वेळाने त्याला बोलता आलं. "बाभळीत अडकलो. हवेची नळी तोंडातून निसटली. दावं सोडलंस म्हणून वाचलो... पण खाली ते माझ्या मुठीत कुणी दिलं गं?"

शंकरप्पांनी नाव काठाकडे वळवली.

काठावर रुक्मिणबाईने गाठीवरून बोट फिरवलं.

"डाव्या हाताची हाय," एवढंच म्हणाली. पदर तोंडाला लावला.

पोळ्याच्या सकाळी पिराजी आपोआप वर आले. त्यांची डावी मूठ उघडी होती, नुकतंच काही सोडून दिल्यासारखी.

दावं परत देण्याआधी तनुजाने ते टाकीभोवती पुन्हा गुंडाळून पाहिलं. वेढे देऊन उरलेलं टोक तिच्या हाताएवढंसुद्धा भरलं नाही.

आणि बांबू तर तळाला टेकला नव्हता.

हे गणित ती अजून मांडते. जुळत नाही.

टाक्या आजही तीच बांधते. दोरीचं एक टोक मात्र पाण्याच्या बाजूला मोकळं सोडते. का, ते विचारलं की विषय बदलते.

आणि सुदर्शन पाण्याखाली असेपर्यंत त्या टोकाकडे ती बघत नाही.